अंगावर आलं, म्हणजे काय झालं?

शंकेखोर : प्रोझोन मॉलच्या सरकत्या जिन्यावर सिनेमाचा खेळ सुटल्यावर उभं राहा. एकच शब्द कानावर येतो, 'अंगावर आलं.' आमच्या लहानपणी अंगावर यायचा तो बैल, नाहीतर सावकार. त्यात कौतुक काही नसायचं. आता खून, विकृती, डोक्यातला काळोख असलं दोन तास बघून माणूस बाहेर येतो, 'काय अंगावर येतो राव पिक्चर' म्हणतो आणि खाली जाऊन पाणीपुरी खातो. पाणीपुरीबद्दल माझी तक्रार नाही. मला एवढंच कळत नाही, की अंगावर आलेलं इतक्या लवकर उतरतं कसं?

चाहती : काका, कीर्तनात डोळे पुसणारी माणसंसुद्धा पाचव्या मिनिटाला मंडपाबाहेर चपलांवरून भांडतात. म्हणून ते रडणं खोटं होतं का? 'अंगावर आलं' हा शब्द तोकडा आहे, कबूल. पण दुसरा शब्द आहे कुठं आपल्याकडं? गाणी बरी, अभिनय सुंदर, मध्यंतरानंतर जरा ढिला, एवढ्यावर आपलं सिनेमाचं बोलणं संपतं. भीती दाखवणारा सिनेमा या मापात बसत नाही. जानेवारीत इथं अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव भरतो, मी दरवर्षी जाते. खेळानंतर माईक फिरतो तेव्हा हमखास कोणीतरी उठून विचारतं, 'यातून तुम्हाला काय संदेश द्यायचाय?' दिग्दर्शक कसनुसा हसतो. आणि मागं कोपऱ्यात एखादा माणूस दिवे लागले तरी खुर्ची सोडत नाही, माईक आला तर मानेनंच नको म्हणतो. सिनेमा त्याला भिडलाय असं मी धरून चालते. त्याचं मत कुठंच छापून येत नाही.

शंकेखोर : किंवा त्याला झोप लागलेली असते. असो. परदेशी सिनेमाचं सोड, घरचंच घेऊ. मानवत. इथून गाडीनं तीन-साडेतीन तासांवरचं गाव. नोव्हेंबर १९७२ पासून जानेवारी १९७४ पर्यंत तिथं लहान मुली आणि बायका एकामागून एक मारल्या गेल्या. गुप्तधन मिळावं, मूल व्हावं, म्हणून पिंपळाखालच्या मुंजाला बळी दिले, असं पोलिसांचं म्हणणं. त्यावर अमोल पालेकरांनी १९८१ मध्ये 'आक्रीत' काढला, पटकथा नाटककार तेंडुलकरांची. आणि २०२४ च्या ऑक्टोबरात तीच गोष्ट आठ भागांची मालिका होऊन मोबाईलवर आली, 'मानवत मर्डर्स'. आमच्या गल्लीतल्या पोरांनी दिवाळीच्या सुट्टीत ती एका बैठकीत संपवली. मला विचारतात, 'काका, तुमच्या तिकडचीच ना ही स्टोरी? लई भारी आहे.' स्टोरी! ज्या घरातली पोर गेली त्या घरात तिला स्टोरी म्हणत नसतील.

चाहती : म्हणत नसतील. पण मालिका आली नसती तर या पोरांना मानवत म्हणजे परभणी रस्त्यावरचा एक फाटा, यापलीकडं काय माहीत होतं? तुम्ही त्यांना कधी सांगितलं होतं? घराघरांत ही गोष्ट दडपूनच ठेवली होती. फार तर अंधार पडल्यावर पोरांना घरात बोलावण्यापुरती ती वापरायची. 'आक्रीत' बघितलेले आजच्या पिढीत हाताच्या बोटांवर मोजावेत. मला तर तो सिनेमा मुद्दाम शोधून बघावा लागला आणि त्यात मला रक्ताची भीती वाटलीच नाही. भीती वाटली ती पालेकरांची. 'रजनीगंधा', 'छोटी सी बात', 'गोलमाल' यांतला तो शर्ट खोचलेला, बसला लटकणारा, कोणाच्याही आईला जावई म्हणून चालेल असा माणूस. तोच इथं गावचा मातब्बर होऊन शांतपणे माणसं मारायला लावतो. आणि २०२४ मध्ये त्या जागी कोण, तर मकरंद अनासपुरे. ज्यांच्या तोंडी आपली मराठवाडी बोली आली की तिकीट काढलेला माणूस आधीच हसायला लागतो. त्रेचाळीस वर्षांच्या अंतरानं दोन दिग्दर्शकांनी एकच डाव टाकला, आपल्याला आवडणारा चेहरा घ्यायचा. मी 'अंगावर आलं' म्हणते ते याला. माझं हसू अर्ध्यात अडकलं.

शंकेखोर : हे बरोबर बोललीस. मलाही ते अडकलं. बोली तीच, मान हलवण्याची लकब तीच आणि मी ओठ ताणून बसलोय, की आता विनोद येईल. पण हा झाला नटाचा गुण. मला खटकतं ते दुसरंच. या जातीच्या सिनेमाला 'मानसशास्त्रीय' म्हणतात. म्हणजे काय, तर कारण माणसाच्या डोक्यात शोधायचं. बालपणी काय झालं, कोणती वासना दाबली, कोणता आवाज ऐकू येतो. मानवतच्या वेळी डोक्याबाहेर काय चाललं होतं ते सांगू? बहात्तरचा दुष्काळ. मी दहा वर्षांचा होतो. वडील खडी फोडायला जात, आई पाटी उचलायला. कामावर सुकडी मिळायची, ती आम्ही फडक्यात बांधून आणायचो. घरात अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी, थापताना तुटायच्या, खाल्ल्यावर पोट दुखायचं. गावोगाव बायका पाण्यासाठी कोस-कोस चालायच्या. अशा वर्षी जमिनीखाली हंडा आहे, असं कोणी सांगितलं तर त्यावर विश्वास बसायला वेडच लागावं लागतं का? भूक पुरे. पोरीबाळी एकट्यादुकट्या रानात का होत्या, तर शेण, सरपण, पाणी. हे सगळं पडद्यावर मागं भुरकट दिसतं आणि पुढं मोठा दिसतो तो खुनी माणसाचा डोळा.

चाहती : पण भूक तर सगळ्या मराठवाड्याला लागली होती ना, काका? मिलोची भाकरी लाखोंनी खाल्ली. त्यांनी पोरी नाही मारल्या. आणि ज्यांच्याकडं बोट दाखवलं गेलं त्यांच्या घरी खायला कमी नव्हतं. म्हणजे शेवटी डोक्यात शिरावंच लागतं. माझ्या मते तेंडुलकरांना हेच छळत होतं. समाजात वाढत चाललेल्या हिंसेचा शोध घ्यायला त्यांनी त्याच सुमारास नेहरू फेलोशिप घेतली होती. 'घाशीराम' आणि 'सखाराम बाइंडर' दोन्ही १९७२ ची, म्हणजे तुमच्या दुष्काळाच्याच सालची. 'सखाराम' बघून लोक काय म्हणाले होते? विकृत, गलिच्छ, बंद करा. बंदी आली, प्रकरण कोर्टात गेलं. आज तुम्ही त्याच नाटकाला अभिजात म्हणता. अंधारं काही दाखवलं की प्रेक्षकांचं पहिलं मत बहुतेक वेळा लाजेतून येतं. त्यावर विसंबून कशाला राहायचं?

शंकेखोर : पन्नास वर्षांपूर्वी शिव्या खाल्ल्या म्हणून आजचा प्रत्येक अंधार तेंडुलकर होत नाही, बाई. तेव्हा लोक चिडत होते, आज कोणी चिडतच नाही. त्याचीच मला काळजी वाटते. आणि तपास करणारा अधिकारी घे. रमाकांत कुलकर्णी. मुंबईहून मानवतला पाठवलेले. मालिका त्यांच्याच पुस्तकावरून घेतलीय, आशुतोष गोवारीकर त्यांच्या भूमिकेत. याच कुलकर्णींनी १९६८ मध्ये रमण राघव या खुन्याला बोलतं केलं होतं. रमण राघववर आधी श्रीराम राघवननी एक छोटा सिनेमा केला, रघुवीर यादवला घेऊन. मग २०१६ मध्ये अनुराग कश्यपनं 'रमण राघव २.०' काढला, त्यात नावाचे दोन तुकडे केले. रमण्णा खुनी आणि राघव पोलीस. बघणारे थक्क. 'पोलीस आणि खुनी एकच, काय कल्पना आहे!' अरे, पण खऱ्या रमण राघवचं काय झालं? फाशी झाली, मग डॉक्टरांनी तपासलं, माणूस मनोरुग्ण ठरला, फाशीची जन्मठेप झाली. कितीतरी वर्षं तुरुंगात काढून १९९५ मध्ये तो पुण्याच्या ससूनमध्ये मूत्रपिंडाच्या आजारानं मेला. हे खरं मानसशास्त्र. याच्यावर कोणी सिनेमा काढत नाही, कारण यात कोणी थक्क होणार नाही. आजारी माणूस हळूहळू मरतो, बस.

चाहती : ते मात्र मला बघायला आवडेल.

शंकेखोर : तुला आवडेल. तिकीटबारीला आवडणार नाही.

चाहती : तिकीटबारीची साक्ष काढू नका, ती कधी कोणाच्या बाजूनं उलटेल सांगता येत नाही. 'तुंबाड' २०१८ मध्ये आला, फारसं कोणी फिरकलं नाही. तोच २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लावला आणि दुसऱ्या वेळेला पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. सिनेमा तोच, रीळ तेच. बदलला तो बघणारा. सहा वर्षांत प्रेक्षक काहीतरी शिकला की नाही?

शंकेखोर : शिकला. मित्र म्हणाले की जायचं, हे शिकला. पण ठीक आहे, 'तुंबाड' मी मानतो. त्यातला लोभ एका माणसाच्या मेंदूतला आजार नाही, बापाकडून पोराकडं आलेली वतनदारी आहे. तसला अंधार मला चालतो. तू मला आणखी एक सांग. मानवतच्या गोष्टीत गावच्या मातब्बराबरोबर जिच्याकडं बोट दाखवलं गेलं, ती बाई पारधी समाजातली. 'आक्रीत'मध्ये ती भूमिका चित्रा पालेकरांनी केली, मालिकेत सोनाली कुलकर्णीनं. दोघी ताकदीच्या, वाद नाही. पण पारध्यांवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का अजून आहे. चोरी झाली की पहिली धाड तांड्यावर नाहीतर पालावर. अशा गावात बसून तू काळ्याकुट्ट उजेडात पारधी बाई, मुंजा, रक्त हे दाखवलंस, तर बघणाऱ्याच्या मनात अंधार नेमका कोणत्या वस्तीत जाऊन बसतो? त्याला वाटतं त्यानं मनाचा तळ बघितला. त्यानं बघितलेली असते ती गावकुसाबाहेरची वस्ती आणि तीही त्याच जुन्या नजरेनं.

चाहती : (थोडं थांबून) याला माझ्याकडं चटकन उत्तर नाही. एवढंच म्हणेन, की दोन्ही गोष्टींत सूत्रं हलवणारा गावचा मोठा माणूस आहे, बाई त्याच्या आश्रयाला आहे. नीट बघणाऱ्याला सत्ता कोणाच्या हातात होती ते दिसतं.

शंकेखोर : नीट बघणाऱ्याला. आणि दीडच्या वेगानं बघणाऱ्याला?

(इथं मध्ये बोलायची माझी इच्छा नव्हती, पण लिहिणाऱ्यानं नुसतं टिपून घेणं बरं नाही. काकांचा हा मुद्दा मला दोन दिवस सोडत नव्हता. मीही ती मालिका बघितली होती आणि त्या बाईच्या घरातल्या प्रसंगांत आपोआप पाय वर घेऊन बसलो होतो. गढीतल्या प्रसंगांत पाय खालीच होते.)

चाहती : तुम्ही सारखं असं बोलता, काका, जणू अंधार बघायची खोड आमच्या पिढीला मोबाईलनं लावली. अर्ध्या-पाऊण तासावर वेरूळ आहे. पंधरा नंबरचं दशावतार लेणं आठवा, वरच्या मजल्यावर गेल्यावर अंधकासुराचा वध आहे. शिवाचे दात विचकलेले, डोळे बटबटीत, त्रिशुळावर असुर टांगलेला, गळ्यात रुंडमाळ. खाली काली बसलीय, नुसती हाडं आणि लोंबती कातडी, हातात वाडगा. एकवीस नंबरमध्ये तर सांगाडेच सांगाडे. शाळेची सहल जाते, बाई पोरांना रांगेत उभं करून दाखवतात. कोणी म्हणत नाही, लहान मुलांना हे कशाला. आपल्या बापजाद्यांनी डोंगर पोखरून भीती कोरली आणि तिच्यासमोर उभं राहायला लोक बाराशे वर्षं येतायत. मग कॅमेऱ्यानं तेच केलं की बिघडलं?

शंकेखोर : चांगलं आठवलंस. आता त्या वाडग्याची गोष्ट पुरी सांग.

चाहती : अंधकाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्यातून दुसरा अंधक उठायचा. म्हणून थेंब वरच्या वर झेलायला वाडगा.

शंकेखोर : बस. मला एवढंच म्हणायचं होतं आणि इतका वेळ ते सापडत नव्हतं. त्या शिल्पकाराला नुसता वध कोरून थांबता आलं असतं, तेवढ्यानंही लोक दिपले असते. पण त्यानं खाली ती बाई बसवली. रक्त सांडतंय हे दाखवताना ते कुठं पडणार याची सोय केली. तुझ्या सिनेमात मी ती बाई शोधतो. त्रिशूळ दिसतो, दात दिसतात, पार्श्वसंगीत तर कानठळ्या बसवतं. वाडगा कोणाच्या हातात आहे? थेंब पडतोय तो सरळ पलंगावर पडून मोबाईल बघणाऱ्या चौदा वर्षांच्या पोराच्या छातीवर.

चाहती : वाडगा म्हणजे काय हवंय तुम्हाला? शेवटी पोलिसानं पकडलेलं? खाली पाटी, 'अंधश्रद्धा पाळू नका'? तसला वाडगा प्लॅस्टिकचा असतो. जादूटोणाविरोधी कायदा व्हायला इथं २०१३ साल उजाडलं आणि त्यासाठी आधी दाभोलकरांचा खून व्हावा लागला. तो कायदा कुठल्या सिनेमानं आणला नाही, पाटीनंही नाही. सिनेमाकडून ते काम मागू नका. मला वाटतं वाडगा बघणाऱ्यानंच न्यायचा असतो. लेण्यातसुद्धा तुम्ही उन्हातून चालत जाता, पायऱ्या चढता, डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही दिसत नाही. तेवढी तयारी होते. सिनेमागृहात निदान दार बंद होतं, शेजारचा अनोळखी माणूस दचकला की आपण दचकतो, मग दोघं जरा ओशाळून हसतो. मोबाईलवर तो शेजारी गेला, याचं मलाही वाईट वाटतं. खडकेश्वरच्या अंजली थिएटरात तुम्ही भीतीचे सिनेमे बघितले असतीलच.

शंकेखोर : बघितले की. पुढच्या रांगेतलं कोणीतरी ओरडायचं, 'अगं मागं बघ, मागं!' पडद्यावरच्या बाईला. सगळं थिएटर हसायचं आणि भीती निम्मी व्हायची. तो ओरडणारा म्हणजे वाडगा असेल तर असेल. हरकत नाही. पण शेवटाचा प्रश्न राहतोच. मानवतच्या खटल्याचं पुढं काय झालं हे त्या बघणाऱ्या पोरांना विचार. 'आरोपी पकडले' एवढंच सांगतील. परभणीच्या कोर्टात शिक्षा झाल्या. खटला वर गेला तेव्हा ज्या दोघांना सूत्रधार म्हणत होते त्यांच्यावरचा दोष टिकला नाही. बाकीच्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, १९७७ मध्ये निकाल आला. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दावर किती भिस्त ठेवायची, फाशी देण्याआधी आरोपीला शिक्षेबद्दल काय म्हणायचंय ते ऐकायचं की नाही, यासाठी तो निकाल वकील आजही काढून दाखवतात. म्हणजे पाच वर्षांनी देशातलं सर्वांत मोठं कोर्ट चाचपडतंय, की कोणाच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवू. आणि सिनेमा बघणाऱ्याला पहिल्या अर्ध्या तासात सगळं ठाऊक. त्यानं डोळ्यांनी बघितलंय ना! रहस्यपटाची ही मोठी लबाडी आहे. कोर्टात जे सिद्ध करता आलं नाही ते कॅमेरा चित्र काढून दाखवतो आणि माणूस खात्री घेऊन घरी जातो.

चाहती : आता तुम्ही माझ्या बाजूनं बोलायला लागलात. मी ज्याला चांगला अंधारा सिनेमा म्हणते तो ही खात्रीच काढून घेतो. बाहेर पडताना तुम्हाला खुन्याबद्दल खात्री नसते आणि स्वतःबद्दल तर अजिबात नसते. गंमत म्हणजे असा सिनेमा आला की तेच प्रेक्षक तक्रार करतात, 'शेवट कळला नाही.' मी ऐकलंय, पार्किंगमध्ये नवरा-बायको तावातावानं भांडत होते, तो मेला की नाही मेला. गाडी सुरू करून दहा मिनिटं तशीच उभी. मला ते भांडण कुठल्याही परीक्षणापेक्षा मोलाचं वाटतं.

शंकेखोर : पण ते 'काय झालं' यावर भांडत होते. तुझा-माझा वाद 'का बघायचं' यावर आहे. आणि मानवतच्या बाबतीत खात्री काढून घेणं मला परवडणारं नाही. ज्या मुली गेल्या त्या गेल्याच, त्यात संदिग्ध काही नाही. संदिग्धता ही दुरून बघणाऱ्याची चैन आहे.

चाहती : आणि खात्री? तीही दुरूनच येते ना? मारलं कोणी हे ठामपणे सांगणारे सगळे तुम्ही-आम्ही, तिथं नसलेले. मग जवळून बघणाऱ्यानं काय करायचं? तुम्ही तर जवळचे. तुम्हाला आठवतं काय त्या वर्षांतलं?

शंकेखोर : खून नाही आठवत. आमचं गाव तिथून बरंच लांब. आठवतं ते असं, की माझी थोरली बहीण सहावीत होती. शाळा शेजारच्या गावात, वाट रानातून. आईनं एक दिवस तिचं दप्तर उतरंडीवर ठेवलं. म्हणाली, हे मिटेपर्यंत राहू दे. मिटलं, आरोपी धरले, खटला उभा राहिला. दप्तर वरच राहिलं. पुढं लग्न लावून दिलं. मी शिकलो, इथं आलो, सिनेमांवर तुझ्याशी वाद घालतोय.

चाहती : तुमच्या बहिणीनं बघितली ती मालिका?

शंकेखोर : नातवानं लावून दिली. दीडच्या वेगानं.

चाहती : मग? काय म्हणाल्या?

शंकेखोर : पोरी वाटेनं चाललेल्या दिसल्या की पुढं ढकल म्हणायची. खुनाचे भाग बघितले, ते खोटे आहेत हे तिला कळतं. वाट मात्र बघवेना. सातव्या भागापर्यंत आली, मग भाकरीची वेळ झाली म्हणून उठली. शेवटचा भाग तसाच राहिलाय. मी विचारलं, शेवट काय झाला ते बघायचं नाही का? तर म्हणाली, 'तू बघितला ना? मग सांग, तिची शाळा सुटली का?' मी म्हणालो, अक्का, त्यात शाळा दाखवलीच नाही. तर ती पीठ मळायला लागली.